आतून 'नको' येतं, त्याचं काय करायचं?

"मनाचं ऐका" सांगणाऱ्या रील्सचा मला वैताग येतो, आणि "भावनेच्या भरात काही करू नकोस, प्रॅक्टिकल विचार कर" सांगणाऱ्या काकांचा पण तेवढाच येतो. दोघं आपापल्या जागी बरोबर असतात आणि दोघांचा उपयोग शून्य. कारण माणूस जिथं खरंच अडकतो तिथं डोकं एक सांगत असतं, मनाला भलतंच वाटत असतं आणि त्याच्याही खाली कुठंतरी आतून हो किंवा नको असं काहीतरी आधीच ठरून बसलेलं असतं, आणि तिघांची एकमेकांशी बोलचाल नसते. मी सध्या टॉक थेरपी घेतोय (पुण्यात, एक आड एक आठवडा, पन्नास मिनिटं, फी विचारू नका). तिथं या तिघांना समोरासमोर बसवायचं काम चालतं. त्यातून मला कळलंय ते एवढंच, की त्या तिसऱ्याचं ऐकायचं की नाही हे ठरवायच्या आधी त्याला विचारावं लागतं, बाबा रे, तू हे शिकलास कुठं?

थांबा, नीट सांगतो.

माझं काम क्वालिटीचं, सप्लायर ऑडिट, म्हणजे माल पुरवणाऱ्या कंपन्यांची तपासणी. चाकण, भोसरी, रांजणगाव, कधी वाळूज. वीसेक वर्षं हेच करतोय, त्यामुळे एखाद्या कंपनीच्या शॉपफ्लोअरवर पाय ठेवला की फाइल उघडायच्या आधीच मनात पाल चुकचुकते की इथं काहीतरी गडबड आहे. का ते लगेच सांगता येत नाही. मग शोधायला लागलो की सापडतं, रिजेक्शनची (नापास मालाची) लाल बिन नको तितकी रिकामी आहे, आठवड्याभराच्या चेकशीट एकाच पेनाने एकाच बसकीत भरल्यात, फरशीच्या पिवळ्या पट्ट्यांना अजून पेंटचा वास येतोय. नव्या पोरांना वाटतं सर जादू करतात. कसली जादू, इतक्यांदा बघितलंय आणि इतक्यांदा नंतर खरं-खोटं कळलंय की डोळे आपोआप तिकडे जातात.

आता दुसरी गोष्ट. माझ्या आतेभावाचं भोसरीत छोटं वर्कशॉप आहे. त्याला नवीन व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग) मशीन घ्यायचं होतं, पंचवीस लाखांचं लोन, आणि बँकेला जामीनदार हवा होता. "दादा, तू फक्त सही कर, बाकी मी बघतो." कागद व्यवस्थित होते, जीएसटी रिटर्न वेळेवर, ऑर्डर हातात. डोकं म्हणत होतं काही प्रॉब्लेम नाही. मन म्हणत होतं नाही म्हणायची सोयच नाही, कारण डिप्लोमाची तिन्ही वर्षं मी चिंचवडला आत्याकडे राहिलोय, तिने स्वतःच्या पोरात आणि माझ्यात कधी भाकरीचा तुकडा कमीजास्त केला नाही. आणि आतून? फोनवर आतेभावाचं नाव दिसलं की पोटात गोळा. म्हणजे अक्षरशः. फोन उचलायच्या आधी पाणी प्यावं लागायचं.

हे घेऊन मी थेरपीत गेलो तर तिथं सुरुवातीला काय केलं, केस मांडली. मुद्दे एक ते पाच. त्याला कारण आहे. माझ्यासारखे बरेच मराठी लोक या विषयात येतात ते आरईबीटीच्या (रॅशनल इमोटिव्ह बिहेव्हियर थेरपीच्या) दारातून, ठाण्याच्या आयपीएच या मानसिक आरोग्य संस्थेची, डॉ. आनंद नाडकर्णींची व्याख्यानं यूट्यूबवर ऐकून, आणि त्याच्याही आधी कि. मो. फडक्यांनी अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचं हे सगळं आपल्याकडे आणून रुजवलेलं असल्यामुळे. घटनेमुळे त्रास होत नाही, घटनेबद्दलच्या आपल्या समजुतीमुळे होतो, तेव्हा "पाहिजेच" मधला "च" काढा, समजुतीला पुरावा मागा. मला याचा खूप फायदा झालाय, नाव ठेवणार नाही. पण माझ्यासारख्या वाद घालायची सवय असलेल्या माणसाच्या हातात ते दिलं की तो स्वतःच्याच भावनांना कोर्टात उभं करतो आणि प्रत्येक वेळी जिंकतो. जिंकून घरी आलं तरी पोटातला गोळा तिथंच. गंमत म्हणजे खुद्द एलिसचं असं म्हणणं नव्हतंच. १९५५ मध्ये त्याने सुरू केलं तेव्हा नाव होतं नुसतं रॅशनल थेरपी, मग लोकांना वाटायला लागलं की हा माणूस भावनांना किंमत देत नाही, म्हणून त्यात इमोटिव्ह आलं, आणि १९९३ मध्ये बिहेव्हियर पण आलं. म्हणजे त्याच्या पद्धतीचं नावच टप्प्याटप्प्याने लांबत गेलंय. आम्ही मात्र पहिल्या अक्षरावरच थांबलेलो.

तर मी हप्त्याचं गणित सांगत होतो, टर्नओव्हर किती, मशीन किती तास चालेल, ईएमआय किती. माझ्या थेरपिस्ट मॅडमनी मध्येच थांबवलं.

"एक सांगू? तुम्ही बोलायला लागल्यापासून तुमचा हात पोटावर आहे."

मला पत्ताच नव्हता. मी हात काढला.

"काढू नका, राहू दे. काय आहे तिथं?"

"ॲसिडिटी."

त्या हसल्या. "असेल. अजून काय?"

मी म्हटलं टेन्शन. त्या म्हणाल्या हे डोक्याने दिलेलं उत्तर आहे, तिथं विचारून बघा टेन्शन हा शब्द बसतो का. मला हा प्रकार जरा येडपटपणाचा वाटला, पण पैसे दिलेच आहेत तर बसलो डोळे मिटून. टेन्शन बसेना. भीती? तीही नाही. राग थोडासा. मग त्या म्हणाल्या, मनात असं म्हणा, मी सही केलेली आहे, झालं, संपलं, आणि बघा तिथं काय होतं. मी म्हटलं मनात. पोटात एकदम आवळल्यासारखं झालं आणि मी जे बोललो ते ऐकून मलाच नवल वाटलं. मी म्हणालो, "त्यांना चहा द्यावा लागेल."

"कुणाला?"

आणि मग ते सगळं आलं. मी तिसरी-चौथीत असेन. बाबा त्यांच्या ऑफिसातल्या एका मित्राला एका पतसंस्थेच्या कर्जाला जामीन राहिले होते, मित्राने हप्ते थकवले, आणि बाबांच्या पगारातून कटायला लागलं. त्याआधी काही महिने वसुलीची दोन माणसं संध्याकाळी घरी यायची. आरडाओरडा नाही, शिवीगाळ नाही, अगदी चपला बाहेर काढून नमस्कार वगैरे करून बसायची. आई त्यांच्यासाठी चहा टाकायची आणि ट्रे माझ्या हातात द्यायची. कप बशीत वाजायचे. बाबा पेपर तोंडासमोर धरून बसलेले असायचे, आणि त्यातला एक जण मला दरवेळी विचारायचा, "काय रे, अभ्यास चाललाय ना?" आणि मला हसून हो म्हणावं लागायचं. ती भीती नव्हती हो. आपल्याच घरात आपल्याला खाली बघायला लावणाऱ्या माणसाशी नीट वागायचं, ती लाज होती. हे बोलताना गळा दाटून आला, थोडं रडलोही, आणि नंतर लक्षात आलं की पोटात जरा सैल झालंय.

पुढच्या वेळी मॅडमनी या पद्धतीमागच्या माणसाबद्दल सांगितलं, युजीन जेंडलिन. व्हिएन्नात जन्मलेला, मुळात फिलॉसॉफीचा माणूस, शिकागो युनिव्हर्सिटीत कार्ल रॉजर्स या नामांकित मानसशास्त्रज्ञाबरोबर काम करायचा. या लोकांनी थेरपीच्या सेशन्सची रेकॉर्डिंग्ज ऐकली, बऱ्या होणाऱ्या आणि न होणाऱ्या पेशंटमध्ये फरक काय पडतो ते बघायला, आणि त्यांच्या ध्यानात आलं की थेरपिस्ट काय करतो यापेक्षा पेशंट कसा बोलतो यावरून जास्त कळतं. ज्यांना फायदा होतो ते बोलता बोलता अडखळतात, "म्हणजे तसं नाही... कसं सांगू... थांबा" असं करत आत काहीतरी चाचपतात, शब्द लावून बघतात, जमला नाही तर टाकून देतात. घडाघडा बोलणाऱ्यांना तेवढा फायदा होत नाही. मी अर्थातच घडाघडा पार्टीचा. जेंडलिनने त्या चाचपण्याच्या गोष्टीला फेल्ट सेन्स म्हटलं आणि कुणालाही शिकता येईल अशी पद्धत केली, फोकसिंग. मला त्यातलं सगळ्यात आवडलेलं म्हणजे शब्द सुचला की तो परत आत नेऊन तपासायचा, बसतोय का. ऑडिटवाल्याला पटणारच ते.

आता इथं एक वळण आहे जिथं बरीच माणसं घसरतात, थेरपिस्ट सुद्धा. चहाची आठवण सापडल्यावर दोन सोपे निष्कर्ष तयारच होते. एक, "बघा, हे तर लहानपणचं आहे, आजचा यात संबंध नाही, करून टाका सही." दुसरा, "तुमचं शरीर तुम्हाला सांगतंय, ऐका त्याचं, नका करू सही." मॅडम दोन्ही बोलल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "यातलं बाबांच्या त्या मित्राचं किती आणि तुमच्या आतेभावाचं किती?" मी गप्प. कारण आतेभावाचं काय आहे हे मी बघितलंच नव्हतं. कागद बघितले होते. वर्कशॉप बघितलं नव्हतं!

शरीर आधी जाणतं हे आजकाल फार जोरात सांगितलं जातं, त्याला आधार आहे पण रील्समध्ये दाखवतात तेवढा नाही. अमेरिकेत आयोवाला अँटोनियो दमासिओ म्हणून न्यूरॉलॉजिस्ट होते, त्यांच्याकडे मेंदूच्या पुढच्या खालच्या भागाला इजा झालेले पेशंट यायचे, बुद्धी शाबूत, गणित येतं, तर्क येतो, पण निर्णय घेता येत नाही. त्यातल्या एकाला पुढच्या अपॉइंटमेंटसाठी दोन तारखा दिल्या तर तो जवळजवळ अर्धा तास दोन्हींचे फायदे-तोटे सांगत बसला होता. (असा एक माणूस प्रत्येक सोसायटीच्या मीटिंगमध्ये असतो पण ते जाऊ दे.) मग त्यांच्या टीमने पत्त्यांचा प्रयोग केला, चार गड्ड्या, त्यातल्या दोन दिसायला फायद्याच्या पण शेवटी बुडवणाऱ्या. नॉर्मल माणसांच्या तळहाताला त्या वाईट गड्डीकडे हात जाताना घाम यायला लागायचा, आणि तो सुद्धा त्यांना तोंडाने कारण सांगता येण्याच्या आधी. १९९७ ला हे सायन्स मासिकात आलं आणि गाजलं. पण २००४ मध्ये माया आणि मॅक्लेलंड या दोन संशोधकांनी तोच खेळ खेळवून लोकांना जास्त बारकाईने प्रश्न विचारले तर निघालं की लोकांना जाणीवपूर्वक सुद्धा बरंच आधी कळलेलं असतं, आधीच्या प्रयोगात नीट विचारलंच नव्हतं. म्हणजे तळहात हुशार आहे हे ठीक, पण डोकं अगदीच मागे पडलंय असंही नाही.

तसंच ते "पोट म्हणजे दुसरा मेंदू" प्रकरण. पोटात मज्जातंतूंचं मोठं जाळं आहे हे खरं, आणि पोट नि मेंदू जोडणाऱ्या व्हेगस नर्व्हमधले साधारण ऐंशी टक्के तंतू खालून वर मेंदूकडे बातमी नेणारे असतात हेही खरं. पण शरीरातलं बहुतेक सेरोटोनिन आतड्यात बनतं म्हणून ताक प्यायलं की डिप्रेशन जाईल हे काही खरं नाही, आतड्यातलं सेरोटोनिन मेंदूत शिरत नाही. बातमी वर येते एवढंच. बातमी खरी की खोटी हे आपल्यालाच बघावं लागतं.

आणि ते कसं बघायचं यावर मला सगळ्यात जास्त पटलेली गोष्ट थेरपीच्या बाहेरून आली. दोन मानसशास्त्रज्ञ, डॅनिएल कानमन हे अंतःप्रेरणेवर शंका घेणारे, आणि गॅरी क्लाइन हे फायर ब्रिगेडच्या अधिकाऱ्यांचा अभ्यास करून अंतःप्रेरणेचं कौतुक करणारे, म्हणजे दोन विरुद्ध पार्ट्या. दोघांनी भांडण मिटवायला म्हणून बसून २००९ मध्ये एकत्र पेपर लिहिला. त्यांचं जमलं ते या मुद्द्यावर, की आतून वाटण्यावर (गट फीलिंगवर) विश्वास ठेवायचा तर दोन गोष्टी हव्यात, त्या क्षेत्रात काहीतरी नियमितपणा हवा आणि माणसाला तिथं पुरेसा वेळ शिकायला, चुका कळायला मिळालेला हवा. ठामपणे वाटतंय याला काही अर्थ नाही, ठाम तर सगळ्यांनाच वाटतं.

हे वाचून मी माझी दोन्ही 'आतून' शेजारी शेजारी ठेवली. शॉपफ्लोअरवरचं माझं आतून शेकडो कंपन्यांमध्ये घासून तयार झालेलं, दरवेळी निकाल हातात. आणि नातेवाईक-पैसा-जामीन या विषयातलं आतून? त्याने एकच केस बघितलेली, ती पण तिसरी-चौथीत, चहाचा ट्रे धरून. दोन्ही वेळा पोटात होतं ते सारखंच. आतून कळत नाही कुठलं कुठलं ते.

माझा एक मित्र आहे, त्याला पॅनिक अटॅक यायचे. त्याला हे "शरीराचं ऐका" कुणी सांगितलं असतं तर वाट लागली असती. छातीत धडधडलं की त्याचं आतून सांगायचं, हार्ट अटॅक, आणि त्या भीतीनेच धडधड वाढायची. डेव्हिड क्लार्क या मानसशास्त्रज्ञाने १९८६ मध्ये पॅनिकचं हेच चक्र मांडलंय. मित्राच्या थेरपीत तर मुद्दाम जिने चढायला लावून धडधड आणवायचे आणि दाखवायचे, बघ, काही झालं नाही. त्याला शरीराचा आवाज कमी करायचा होता आणि मला वाढवायचा, आणि दोघंही थेरपीच घेत होतो. म्हणून कुणी सरसकट सल्ला दिला की मी हल्ली कान बंद करतो. मार्शा लिनहन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंचं ते वाइज माइंडचं दोन वर्तुळांचं चित्र पण आपल्याकडे फॉरवर्ड होत असतं, एक वर्तुळ विचारांचं, एक भावनांचं, मधला भाग शहाणपणाचा. चित्र छान आहे. पण मधल्या भागात पोचायचं कसं हे चित्रात नाही, ते तिच्या डीबीटी (डायलेक्टिकल बिहेव्हियर थेरपी) या पद्धतीत आहे, आणि त्याचे होमवर्क असतात, कंटाळवाणे.

आमच्या आजीकडे याला वेगळा उपाय होता. ती कोकणातली, काही अडलं की देवाला कौल लावायची. उजवा पडला, डावा पडला, त्याप्रमाणे करायचं. पण मला आठवतंय, एकदा कौल हवा तसा पडला नाही तर ती गुरवाला म्हणाली होती, परत लाव, नीट लागला नसेल. तिला आधीच माहीत होतं तिला काय हवंय. कौलामुळे तिला ते दिसलं इतकंच.

असो. मी एका शनिवारी भोसरीला गेलो. आतेभावाला म्हटलं मशीन ठेवणार कुठं ते दाखव. आणि आत शिरल्यावर माझं नेहमीचं चालू झालं. चांगलं होतं हो! गेजवर कॅलिब्रेशनचे स्टिकर ताजे, लाल बिनमध्ये खरंखुरं रिजेक्शन पडलेलं, ऑपरेटर पोराला विचारलं हा पीस का टाकला तर त्याने मायक्रोमीटर लावून दाखवलं. पाल चुकचुकली नाही. एकच गोष्ट खटकली, सगळा माल एकाच कस्टमरला जातो. तो बंद पडला तर मशीन उभं. मी हे आतेभावाला बोललो, तो म्हणाला माहितेय, बघतोय दुसरा.

तर आता चित्र बदललं. भावावर माझा विश्वास होता, आणि तो नुसता नात्याचा नव्हता, डोळ्यांनी बघितलेला होता. तरी सही करायचं म्हटलं की गोळा थोडा राहिलाच. मग डोक्याला कामाला लावलं. कॉन्ट्रॅक्ट ॲक्ट १८७२ चा, त्यातलं कलम १२८ काढून वाचलं. जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते, म्हणजे बँकेने आधी त्याच्या मागे लागलं पाहिजे, मग माझ्याकडे, असं काही नाही. पंचवीस लाख. माझं होम लोन चालू, पोरगी अकरावीत. एकाच कस्टमरवर उभं असलेलं वर्कशॉप बसलं तर उद्या माझ्या बाहेरच्या खोलीत कुणीतरी नमस्कार करून बसणार, आणि चहा माझ्या पोरीला न्यावा लागणार. लहानपणचं म्हणून जे बाजूला ठेवलं होतं त्यातला तेवढा भाग आजचाही निघाला.

सेशनमध्ये मी हे सगळं मांडलं तेव्हा मॅडम म्हणाल्या आत्याचं राहिलं की. खरंच राहिलं होतं. कृतज्ञता ही काही चुकीची समजूत नाही की जिला पुरावा मागून घालवायचं. ती खरी आहे आणि तिचंही काही देणं लागतं. मग सहीऐवजी स्वतःचे पैसे द्यायचं ठरवलं, आणि किती बुडाले तर मी आतेभावाला मनात शिव्या न देता झोपू शकेन, असा आकडा शोधायला लागलो, आणि इथं जेंडलिन कामाला आला, एकेक आकडा मनात म्हणायचा आणि पोटाला विचारायचं. दहा लाख, आवळलं. पाच, थोडं. चार लाखांवर आत काही हललं नाही. बायकोला विचारलं, तिने कुठलंही फोकसिंग न करता दोन सेकंदात चारच सांगितलं.

सही केली नाही. चार लाख दिले, मार्जिन मनीसाठी (कर्जाबाहेर त्याने स्वतः भरायच्या रकमेसाठी), लिहून नाही घेतलं. आतेभावाने पैसे घेतले, जामीन त्याचा मेव्हणा राहिला, मशीन आलंय, चालूही झालंय. पण तो तेव्हापासून माझ्याशी कामापुरतंच बोलतो. गणपतीला आला, आरतीला थांबला नाही. आत्या फोनवर म्हणाली, अरे त्याला वाटतं दादाचा विश्वास नाही, मी म्हटलं तुझ्या भावाचं काय झालं होतं ते सांग ना त्याला, तर ती म्हणाली ते तुम्ही तुमचं बघा.

पुढच्या सेशनला हे काढणार आहे. यावर आतून काही हो-नको येत नाहीये, डोक्याकडेही काही मुद्दा नाही, नुसतं वाईट वाटतंय, आणि मला माहितेय मॅडम म्हणणार, मग वाटू दे की जरा.